बागेतील उमेदवारी आणि बिननावाचे सहकारी

विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा आटोपत आल्या की महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अलीकडे एक नवी धावपळ दिसू लागली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून राज्याने पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्याच वर्षात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प घातला. एका श्रेयांकाला 30 तास या हिशेबाने हे 120 तासांचे काम होते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी त्यासाठी हिशेबनीसाच्या कचेरीत जातो, रसायनशास्त्राचा कारखान्याच्या प्रयोगशाळेत जातो, आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी साहजिकच उद्यानांकडे व रोपवाटिकांकडे वळतात. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी गावात राहून करावयाचा कार्यानुभव तर त्याहून कितीतरी जुना आहे. एप्रिल-मेच्या उन्हात हातात खुरपे घेतलेली, डोक्याला रुमाल गुंडाळलेली ही तरुण मंडळी सार्वजनिक बागांतून दिसू लागली, ही स्वागतार्हच गोष्ट होय. पुस्तकाबाहेर विद्या असते हे आपल्या विद्यापीठांनी मान्य केले, यालाही थोडे महत्त्व नाही.

तथापि या प्रशिक्षणाच्या शेवटी जी वही सादर होते ती पाहिली, तर मन थोडे साशंक होते. अशा वहीत बहुधा संस्थेचा इतिहास असतो, बागेचा नकाशा असतो, चाळीस-पन्नास वनस्पतींची शास्त्रीय नावे तिरप्या अक्षरांत, कुळासकट, अचूक लिहिलेली असतात. मातीच्या सामूचे आकडे असतात आणि छायाचित्रे तर भरपूर असतात. आरंभी ऋणनिर्देशात प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक प्राध्यापक आणि उद्यान अधीक्षक यांची नावे त्यांच्या पदव्यांसह येतात. मग शेवटची एक ओळ येते: ‘तसेच सर्व माळी व कर्मचारी यांचे आभार’. ज्यांच्या शेजारी बसून 120 तास काढले, ज्यांनी खुरपे कसे धरावे येथपासून शिकवले, ती माणसे ‘सर्व’ या एका शब्दात मावून जातात. झाडाचे कूळ वहीत सापडते. झाड लावणाऱ्याचे नाव सापडत नाही.

ही केवळ शिष्टाचाराची चूक असती तर तिच्यावर लेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. उमेदवारी म्हणजे काय याविषयीच्या समजुतीतच कोठेतरी खोट आहे, असे ती वही सांगते. ‘आंतरवासिता’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांतून. त्याच्या पुष्कळ आधी मराठीत ‘उमेदवारी’ हा साधा शब्द होता. सोनाराकडे, छापखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केलेला माणूस आपली ओळख सांगताना प्रथम सांगे ते आपण कोणाच्या हाताखाली शिकलो हे. त्या शिकण्यात राबवून घेणे होते, बोलणी होती, कधी मारही होता. त्याचा गौरव करण्याची मुळीच गरज नाही. परंतु विद्या कोणापासून आली हे त्यात पुसले जात नसे. आजच्या प्रमाणपत्रावर संस्थेचे नाव, तासांची संख्या आणि गोल शिक्का असतो. कोणाच्या हाताखाली, हा प्रश्न त्यावर उमटत नाही.

उन्हाळा हा बागेतला निवांत काळ असतो असा शहरी समज आहे. फुले कमी, हिरवळ करपलेली, मग काम ते काय असणार? वस्तुतः पावसाळ्याची सारी सिद्धता याच दोन महिन्यांत होते. आंब्यासारख्या मोठ्या झाडाचे खड्डे मीटरभर लांब, तेवढेच रुंद आणि तेवढेच खोल असे आत्ताच खणून उन्हात तापत ठेवायचे असतात. खणताना वरच्या थरातली माती एका बाजूला आणि खालची मुरमाड माती दुसऱ्या बाजूला टाकायची. भरताना वरची सुपीक माती शेणखतात मिसळून आत जाते. रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या, बी गोळा करून निवडून वाळवायचे, झाडांची आळी दुरुस्त करायची, त्यांत पालापाचोळ्याचे आच्छादन घालायचे, गळक्या नळ्या बांधायच्या. मोगऱ्याचा हा ऐन बहर; कळ्या उमलण्यापूर्वी तोडायच्या तर ते काम ऊन चढण्याआधी उरकावे लागते. पाणी द्यायचे ते सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर. आणि वळवाची पहिली जोरदार सर आली की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमू लागतात. त्या वेळी फांद्या हलवून ते गोळा केले नाहीत तर पुढे मुळे खाणाऱ्या अळ्यांशी गाठ असते.

ही कामे पुस्तकात नाहीत असे नाही. पुस्तकात नसते ते त्यांच्या आतले बारकावे. कुंडीला पाणी हवे की नको हे ओळखण्याची जुन्या माळ्यांची एक रीत आहे: मातीच्या कुंडीवर बोटाच्या पेराने टिचकी मारायची. आतली माती कोरडी असेल तर आवाज खणखणीत येतो, ओली असेल तर बद्द. रबरी नळीच्या तोंडावर अंगठा किती दाबला म्हणजे रोपाच्या मुळाशी माती न उधळता पाणी पडेल, पिशवी भरून झाल्यावर ती जमिनीवर कशी आपटावी म्हणजे पहिल्या पाण्याला माती खचणार नाही, वाळलेल्या दिसणाऱ्या फांदीवर नखाने ओरखडा काढून आत हिरवे उरले आहे का ते कसे पाहावे, या गोष्टी सांगायला अर्धे मिनिट आणि हातात बसायला एक उन्हाळा लागतो. ‘साल सुटली’ हा माळ्याचा शब्दप्रयोग असाच आहे. सालीखालचा कॅम्बियमचा थर वाढीला लागला म्हणजे साल लाकडापासून सहज विलग होते आणि डोळा भरण्यास ती वेळ योग्य असते, असे विद्यार्थ्याने पाठ केलेले असते. माळी फांदीला चाकूचे टोक लावतो आणि तीन अक्षरी निकाल देतो: ‘सुटली’. दोघे एकच गोष्ट बोलत असतात. मात्र ती एकच आहे हे दोघांनाही कळायला त्यांनी एकमेकांशी बोलावे लागते, आणि घोडे अडते ते येथेच.

हे बोलणे सहजासहजी होत नाही. विद्यार्थी येतो तो छापील प्रश्नावली घेऊन. ‘आपण कोणती खते वापरता?’, ‘कीडनियंत्रणाच्या पद्धती कोणत्या?’ असल्या प्रश्नांना माळी जे उत्तर देतो ते साहेबांपुढे द्यायचे उत्तर असते. शेणखत, कीटकनाशक, वेळेवर पाणी, संपले. त्याच माळ्याच्या बाजूला आठ दिवस उकिडवे बसून गवत काढले, पाठ धरली, बोटांना फोड आले आणि चुकून गवतासोबत झेंडूचे रोप उपटल्याबद्दल त्याचे बोलणे खाल्ले, की नवव्या दिवशी तो आपण होऊन सांगू लागतो की या कोपऱ्यात काही जगत नाही, कारण खाली जुन्या बांधकामाचा चुना आहे. ही माहिती कोणत्याही नोंदवहीत नसते. ती विचारून मिळत नाही. सहवासात हाती येते. सहवास म्हणजे गप्पागोष्टी नव्हेत. एकच काम दोघांनी करणे आणि त्यात एकाने दुसऱ्याहून उघड उघड कच्चे असणे, एवढी साधी अट त्याला पुरते. सुशिक्षित माणसाला कच्चे असण्याची सवय नसते, हीच अडचण आहे.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि ती अस्सल मराठी आहे. बागेतल्या वयस्क माळ्याला विद्यार्थी ‘मामा’ म्हणतात किंवा ‘काका’, आणि खुरपणी करणाऱ्या बाईला ‘मावशी’. नात्याचा शब्द वापरणे ही आपली चांगली चाल आहे. परक्याला नुसत्या नावाने हाक मारणे आपल्याला उद्धट वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु हाच शब्द पुष्कळदा आडपडद्याचे काम करतो. कचेरीतल्या कारकुनाला ‘कुलकर्णी साहेब’ वा ‘शिंदे भाऊसाहेब’ म्हणणारा विद्यार्थी माळ्याला नुसते ‘मामा’ म्हणतो. आडनाव विचारण्याची त्याला गरज भासत नाही. बागेत चार मावश्या असल्या तर त्या ‘लाल लुगड्याच्या मावशी’ आणि ‘उंच मावशी’ होतात. उलट बाजूने पहिल्या दिवशीच विद्यार्थिनीची ‘मॅडम’ झालेली असते आणि मिसरूड फुटलेल्या पोराचा ‘साहेब’. नाते जोडल्याचा भास दोन्हीकडून होतो आणि ओळख मात्र होत नाही. नाव विचारले की आडनाव येते, आडनावाबरोबर गाव येते, आणि आपल्या समाजात गाव-आडनावाबरोबर जात येतेच. ती विचारल्यासारखे होऊ नये म्हणून पुष्कळ भली मुले नावच विचारत नाहीत. हा संकोच समजण्यासारखा आहे. पण जात टाळण्यासाठी माणूसच टाळणे हा उपाय रोगाइतकाच वाईट आहे.

दुपारच्या जेवणाच्या वेळी हे सगळे उघडे पडते. एका झाडाखाली फडकी सुटतात. भाकरी, चटणी, कांदा, कुणाचे सुके बोंबील. दुसऱ्या झाडाखाली किंवा कार्यालयाच्या व्हरांड्यात स्टीलचे डबे उघडतात. दोन झाडांमधले अंतर वीस पावलांचे असते. ते ओलांडायला काहींना आठवडा लागतो, आणि पुष्कळांचे प्रशिक्षण ते न ओलांडताच संपते. जे ओलांडतात त्यांच्या वह्या वेगळ्या होतात, असा अनुभव आस्थेने वही तपासणाऱ्या शिक्षकाला येतोच.

जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक कसा असावा हे सांगितले आहे. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, सामान्य लोकांत मोकळेपणाने मिसळणारा असावा आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, असा त्यांचा आग्रह होता. पेशव्यांना फुले पुरवणाऱ्या घराण्यात ज्यांचे आडनाव घडले त्यांनी हे म्हणावे यात आश्चर्य नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की जोतीरावांनी हातांनी काम करणे आणि माणसांत मिसळणे या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. आपल्या नव्या अभ्यासक्रमाने पहिली उचलली आणि दुसरी गाळली. हात मातीत घालण्याचे तास मोजले जातात. मिसळण्याला श्रेयांक नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यात जे वसतिगृह उभे केले, ज्याला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र राबत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना पुढे अनेक महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी घेतली. आजही तिच्यातील कित्येक मुले आवारातील झाडांना पाणी घालून, वाफे खुरपून आपला खर्च भागवतात. गंमत अशी की याच आवारात उन्हाळी प्रशिक्षणार्थी आला तर त्याच वाफ्यावरचे त्याचे काम शिक्षण ठरते, आणि ‘कमवा आणि शिका’तल्या मुलाचे ते मजुरी ठरते. पहिल्याला श्रेयांक, दुसऱ्याला तासाचे पैसे. दोघांनी एकमेकांची वही पाहिली तर पहिल्याला दुसऱ्याकडून बरेच उतरवून घ्यावे लागेल.

ज्ञान कोणाचे हे लिहून ठेवण्याचा एक जुना दाखला आपल्याच किनारपट्टीवरचा आहे. कोचीनच्या डच सत्तेचा प्रमुख हेन्द्रिक व्हान र्‍हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. तो अधिकारी होता, हुकूम सोडून माहिती काढणे त्याला शक्य होते. तरीही ग्रंथाच्या पहिल्याच खंडात त्याने आपल्या माहीतगारांची निवेदने त्यांच्या नावांसह छापली. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य अशी ती नावे. या तिघांचे 1675 सालचे निवेदन नागरी लिपीत, कोकणी भाषेत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या वसाहतवाल्या अधिकाऱ्याला जे सुचले ते आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला कोणी सुचवीत नाही. व्हान र्‍हीडे याचे हेतू व्यापारी होते आणि त्याच्या उदारपणाचे पोवाडे गाण्याचे कारण नाही. त्याने फक्त हिशेब नीट ठेवला. अच्युतन यांचे नाव आज केरळात आदराने घेतले जाते, ते त्या हिशेबामुळे.

आपल्या जुन्या उद्यानांत असा हिशेब कोठे आहे? मुंबईची राणीची बाग 1862 साली लोकांना खुली झाली. पुण्याचे गणेशखिंड उद्यान 1873 सालचे. 2020 मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. अशा बागांत झाडांवर शास्त्रीय नावांच्या पाट्या दिसतात. क्वचित एखाद्या रोपाशेजारी ते कोणत्या मान्यवरांच्या शुभहस्ते लावले गेले हे सांगणारी संगमरवरी शिळाही असते. रोप मेले तरी ती शिळा टिकते. शंभर वर्षे उन्हाळ्यामागून उन्हाळे ज्यांनी ही झाडे पाण्यावाचून मरू दिली नाहीत, त्यांची नावे पाटीवर नाहीत. असलीच तर हजेरीपटात असतील.

हजेरीपटाचा उल्लेख आला म्हणजे या प्रश्नाच्या अवघड भागाकडे वळणे प्राप्त आहे. सहकाऱ्यांची ओळख करून घ्या, असा उपदेश करणे सोपे आहे. ती ओळख खरोखर झाली तर तिच्याबरोबर काय काय कळते याचा विचार सहसा कोणी करत नाही. तीन आठवडे सोबत काम केलेल्या मुलाला कळते की ‘मामा’ बागेचे नोकर नाहीत, कंत्राटदाराचे आहेत. एकाच वाफ्यावर काम करणाऱ्या दोन माळ्यांपैकी एक कायम आहे, त्याला रजा आहे, निवृत्तिवेतनाची आशा आहे. दुसरा तेच काम करतो आणि एक दिवस आजारी पडला तर त्या दिवसाचे पैसे जातात. बायकांच्या वाट्याला खुरपणी आणि झाडलोट येते, कलमाचा चाकू सहसा येत नाही. आणि चाकू हाती नाही म्हणून त्या अकुशल ठरतात. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदा 1976 साली झाला. समान कामाला समान वेतन देणे त्याने बंधनकारक केले; काम आधीच निराळे वाटून दिले असेल तर तुलनाच उभी राहत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण अशा रीतीने एका वाफ्यात वाचता येते.

आणि मग विद्यार्थ्याच्या स्वतःच्या स्थानाचाही प्रश्न येतो. 2024 साली राज्य सरकारने तरुणांसाठी कार्यप्रशिक्षणाची योजना आणली तेव्हा बारावी झालेल्यास महिना 6,000, आयटीआय वा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन ठरवले. महाविद्यालयातून येणाऱ्या कित्येकांना असे काही मिळत नाही, त्यांना श्रेयांक मिळतात. काहीही मिळो, शिकणाऱ्याला शिकल्याबद्दल काहीतरी मिळते. शिकवणाऱ्या माळ्याला शिकवल्याबद्दल काय मिळते, याचे उत्तर कोणत्याही शासननिर्णयात शोधून सापडणार नाही. वीस वर्षे कलमे बांधणाऱ्याकडे एकही प्रमाणपत्र नसते, आणि त्याच्याकडून तीन आठवड्यांत जेमतेम एक कलम बांधायला शिकलेला मुलगा प्रमाणपत्र घेऊन जातो. 2015 पासूनच्या कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय आहे. कामातून आलेले कौशल्य तपासून त्याचा दाखला देता येतो. ती सोय आपल्या शेजारी बसलेल्या माणसापर्यंत पोहोचली आहे काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थ्याच्या प्रश्नावलीत घालायला हरकत नसावी. खतांच्या प्रश्नापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

या सर्वांवर दोन आक्षेप घेतले जातात. ते अगदीच टाकाऊ नाहीत. पहिला असा की विद्यार्थी शिकायला येतात, समाजसेवा करायला नव्हे. 120 तासांत वनस्पतींचे शास्त्र शिकावे की माळ्यांची चरित्रे लिहावीत? याचे उत्तर वर आलेच आहे. चुन्याचा कोपरा, सुटलेली साल, टिचकीचा आवाज हे शास्त्रच आहे, आणि ते ज्याच्यापाशी आहे त्याला ओळखल्यावाचून मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. चार-सहा आठवड्यांनी निघून जाणाऱ्या मुलांनी बरोबरीचा देखावा करून काय साधणार? ते परत जातील, नोकऱ्या धरतील. माळी तेथेच राहील. उलट अशा तात्पुरत्या जवळिकीने त्याच्या मनाला चटका मात्र लागेल, आणि दर उन्हाळ्याला नव्या पोरांना पहिल्यापासून शिकवण्याचे बिनपगारी ओझे त्याच्याच माथी येईल. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. उन्हाळी ओळखीने कोणाची जात, कोणाचा वर्ग बदलत नाही, आणि तसा दावा करणारा भाबडा किंवा ढोंगी ठरेल. म्हणूनच मैत्रीच्या गोड गोष्टींपेक्षा शिकवणुकीचा मोबदला आणि श्रेय यांची रोकडी व्यवस्था आधी हवी.

ती अवघड आहे असे नाही. प्रशिक्षणार्थ्याला दर चार दिवसांनी निराळ्या विभागात फिरवण्याची जी प्रथा आहे, ती आधी मोडली पाहिजे. सगळे थोडे थोडे पाहण्याने वही भरते, पण कोणाचीच ओळख होत नाही. एका टोळीबरोबर, एकाच माळ्याच्या हाताखाली त्याचे बहुतेक तास जावेत आणि प्रमाणपत्रावर त्या माळ्याची सही वा अंगठा असावा. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, त्यांना मानधन मिळते. त्या वेळी अर्धा तास बागेतल्या शिक्षकालाही बोलवावे, त्याचे मत विचारावे आणि तेच मानधन त्यालाही द्यावे. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम दिसणारही नाही. अर्थात माळी नको म्हणाला तर तेही ऐकले पाहिजे. पुष्कळजण नाव सांगायला बिचकतात, आणि त्याला कारण असते: नाव लिहून घेणारा माणूस त्यांच्या अनुभवात बहुधा चौकशीला आलेला असतो. विद्यार्थ्याच्या वहीत ‘या कोपऱ्याला पाणी पोहोचत नाही असे अमुक यांनी सांगितले’ असे वाक्य गेले आणि ते अधीक्षकांनी वाचले, तर त्याची किंमत विद्यार्थी मोजत नाही. म्हणून काय लिहू आणि काय नको, हे शेजारच्या माणसाला विचारून लिहिणे हाही प्रशिक्षणाचाच भाग समजला पाहिजे. मराठीने लेखणीला आणि झाडाच्या जोडाला ‘कलम’ हा एकच शब्द ठेवला आहे. दोन्हींत चाकू चुकीच्या जागी लागला तर इजा होते.

शिक्षकांचा वाटा यात सर्वांत मोठा आहे. वही तपासताना शास्त्रीय नावातील एका अक्षराच्या चुकीला लाल खूण करणारे प्राध्यापक ‘सर्व माळी व कर्मचारी’ या ओळीवरून निमूट पुढे जातात. तेथे एकदा ‘कोण?’ असे लिहिले तर पुढच्या वर्षीच्या वह्या बदलतील. मात्र त्यासाठी प्राध्यापकांनी त्या बागेत निदान एक सकाळ उकिडवे बसून काढलेली असावी. प्रशिक्षणाच्या जागेला भेट म्हणजे अधीक्षकांच्या खोलीत चहा, असा जो अर्थ रूढ झाला आहे तो विद्यार्थी बरोबर पाहतात आणि बरोबर शिकतात.

हे करण्याची निकड एका वेगळ्या कारणानेही आहे. उद्यानांची देखभाल ठेक्याने देण्याची पद्धत आता सर्वत्र पसरली आहे. ठेक्याची मुदत संपते, नवी निविदा निघते, कमी दराची स्वीकारली जाते. नव्या ठेकेदाराबरोबर कधी जुनी माणसे राहतात, कधी सगळी टोळीच बदलते. ज्याला कोणत्या कोपऱ्यात चुना आहे, कोणत्या झाडाला दोन वर्षांआड बहर येतो आणि जमिनीखालून जुनी नळी कोठून गेली आहे हे ठाऊक होते, तो महिन्याच्या अखेरीस खुरपे ठेवून निघून जातो. त्याच्या जागी आलेला माणूस मेहनती असला तरी बागेला नवखा असतो. कार्यालयात निविदेची प्रत, देयके आणि झाडांची गणना जपून ठेवलेली असते. गेलेल्या माळ्याचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक विचारला तर तो ठेकेदाराकडे असेल असे सांगतात, आणि ठेकेदार बदललेला असतो.